विश्लेषण : ‘हात धुवा’चा फलक लावला, तरी रुग्णालयात हात का धुतले जात नाहीत?

‘हात स्वच्छ ठेवा’ असा फलक बहुतेक रुग्णालयांत असतो. तरीही एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना ते राहून जाते. दरवेळी कारण निष्काळजीपणाच असते का?

इतिहास काय सांगतो?
१८४७ मध्ये व्हिएन्नात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूती कक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या आसपास असलेले मातामृत्यूंचे प्रमाण काही महिन्यांत २ टक्क्यांच्या घरात आले. तरीही अनेक सहकाऱ्यांनी ते मानले नाही. नुसत्या पुराव्याने सवय बदलत नाही, हा धडा तेव्हापासूनचा.

नियम काय आहे?
जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे ५ प्रसंग ठरवले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त वा शरीरद्रवाशी संपर्कानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तू हाताळल्यानंतर. हातमोजे घातले तरी यातून सुटका नाही.

अडचण कुठे येते?
साबण-पाण्याने हात धुण्यास ४० ते ६० सेकंद लागतात. तासात २० वेळा धुतले तर १३ ते २० मिनिटे त्यातच जातात. बेसिनपर्यंतची ये-जा वेगळी. अल्कोहोलयुक्त हॅण्डरबला २० ते ३० सेकंद पुरतात आणि बाटली खाटेशीच ठेवता येते. मात्र हात दिसण्याइतके मळले असतील, तर साबण-पाणीच हवे.

उपाय कोणता?
जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात खाटेजवळ हॅण्डरब, नियमित निरीक्षण, त्याचे निष्कर्ष कर्मचाऱ्यांना कळवणे आणि व्यवस्थापनाचा पाठिंबा यांची सांगड घातली गेली. फलक होतेच, पण फक्त फलक नव्हते. १९९४ ते १९९७ दरम्यान नियमपालन ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले; रुग्णालयजन्य संसर्ग १९९८ पर्यंत १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आला.

जबाबदारी कोणाची?
आधी व्यवस्थापनाची. बाटली रिकामी आणि परिचारिका अपुऱ्या असतील, तर कारवाईची नोटीस निरर्थक ठरते. त्यानंतर ज्येष्ठ डॉक्टरांची. राउंडला त्यांनीच हात स्वच्छ केले नाहीत, तर मागचे निवासी डॉक्टर तेच शिकतात. ‘सर, हात राहिले’ असे परिचारिकेला न घाबरता म्हणता आले पाहिजे. ते ज्या वॉर्डात म्हणता येते, तिथे फलकाचे काम निम्मे झालेले असते.