७२ हजारांचं यंत्र आणि दोरीच्या गाठी

“ताई, होडयेक वेग मोजूचा यंत्र लागताच काय हो?”

मार्च महिन्यातल्या एका सकाळी धाकट्या जावेचा हा फोन आला, तेव्हा मी भाकरी थापत होते. हाताला पीठ, तव्यावर भाकरी आणि कानाला फोन. शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून घरातल्या मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. हा मात्र नवीनच होता. तिला म्हटलं, भाकरी उतरवते आणि फोन करते.

माझं सासर देवबागचं. मालवण तालुक्यातली ही चिंचोळी पट्टी. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि टोकाला दोघांचा संगम. भाऊजींनी मासेमारी कमी केल्यावर वीस फुटी फायबरची होडी घेतली. तिच्यावर शीड चढवलं आणि पर्यटकांना खाडीत फिरवायला सुरुवात केली. इंजिनाची घरघर नाही, डिझेलचा वास नाही, म्हणून पुण्या-मुंबईच्या लोकांना ती आवडते. मागे एक छोटं इंजिन आहे, वारा पडला तर घरी यायला.

या हंगामात ही होडी दोनदा वाळूत रुतली. दुसऱ्या वेळी आत सहा माणसं होती, त्यात एक तान्हं बाळ. ओहोटी लागलेली. ढकलून ढकलून खांदे गेले तरी होडी हलेना. शेवटी शेजारच्या बोटीतून लोकांना काळोख पडल्यावर किनाऱ्याला आणलं. पैसे परत द्यावे लागलेच, वर बोलणीही खाल्ली. तेव्हापासून घरात विषय एकच, पाण्याची खोली दाखवणारं यंत्र घ्यायचं.

इथपर्यंत कोणाचंच दुमत नव्हतं. पण पुतण्या शहरात गेला आणि कोटेशन घेऊन आला ७२ हजारांचं. एकाच काचेवर खोली, वेग, पाण्याचं तापमान, सगळं. बसवणावळ वेगळी. आणि पैसे कुठून? तर जावेच्या बचत गटातून. गटात बाया बारा. गेल्या सहा वर्षांत शंभर-दोनशे करत जमलेली रक्कम एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा एकाच घरात जाणार, तोही जूनच्या तोंडावर. जूनमध्ये गटातल्या निम्म्या बायांना पोरांच्या फीसाठी हात पसरावा लागतो. आणि कर्जाच्या कागदावर सही असणार होती जावेची. यंत्र कुठलं घ्यायचं हे ठरवताना मात्र तिला कोणी विचारलं नव्हतं. “तुका त्यातला काय कळता?” एवढं एकच वाक्य तिच्या वाट्याला आलं होतं.

मैत्रिणींनो, माझं मत सरळ सांगते. ज्या वस्तूसाठी बाईच्या नावावर कर्ज निघतं, त्या वस्तूतला कुठला भाग गरजेचा आणि कुठला हौसेचा, हे तिला समजावून सांगितल्याशिवाय तिने सही करू नये. मग ती वस्तू होडीवरची असो, शेतातली असो की दुकानातली. आणि “कळत नाही” ही सबब तर मला अजिबात मान्य नाही. हे सगळं जावेला फोनवर अर्ध्या तासात कळलं, तुम्हालाही कळेल.

खोलीचं यंत्र म्हणजे काय? होडीच्या तळाशी एक छोटा सेन्सर. तो खाली आवाज सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो तळाला आपटून परत येतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. जायला-यायला किती वेळ लागला ते मोजायचं, त्याचं निम्मं करायचं, की खोली मिळाली. डोंगरासमोर हाक मारल्यावर प्रतिध्वनी येतो ना, तोच प्रकार. यात महागड्या काचेचं काही काम नाही. एक आकडा दिसला की पुरे. आणि आमच्या खाडीत प्रश्न चाळीस मीटरचा नाहीच, एक मीटर आहे की दोन एवढाच आहे. ते सांगायला साधं, स्वस्त यंत्रही पुरतं.

आता वेग. जुन्या पद्धतीच्या यंत्रात होडीच्या तळाला भोक पाडून एक इवलंसं चक्र बसवतात. पाणी मागे सरकलं की ते फिरतं. खाडीचं पाणी कसं असतं ते आपल्याला ठाऊक आहे. होडी महिनाभर उभी राहिली तरी तळाला शेवाळ आणि टणक कवचांचे जीव चिकटतात. ते या चक्रालाही चिकटतात आणि चक्र अडकतं. मग ते वरचेवर काढून घासत बसायचं, आणि काढताना आत पाणी येणार ते वेगळंच. चांगल्या होडीला आपण होऊन भोक पाडायचं, हे तर माझ्या मनाला पटतच नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे हे चक्र होडीचा पाण्यातला वेग सांगतं, जमिनीवरचा नव्हे. होडी पाण्यातून चार नॉटने चालली आहे आणि समोरून ओहोटीचं पाणी दोन नॉटने येतंय, तर किनाऱ्याच्या हिशेबाने तुम्ही दोनच नॉट पुढे जाता. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. किनाऱ्याच्या हिशेबाचा हा वेग आपल्या मोबाईलमधलं जीपीएस दाखवतं, तेही फुकट. पुतण्याच्या खिशात तो मोबाईल आधीच होता. पाणी न शिरणारी पिशवी घेतली की झालं.

शर्यतीत उतरणाऱ्यांना, लांब समुद्रात जाणाऱ्यांना दोन्ही वेग लागतात, हे खरं आहे. पुतण्याने तेच काढलं. “काकी, तारिणीर सगळी यंत्रां होती!” बरोबर आहे त्याचं. गोव्यात बांधलेल्या त्या सतरा मीटरच्या शिडाच्या बोटीतून नौदलाच्या सहा अधिकारी मुलींनी २०१७-१८ मध्ये पृथ्वीला फेरी मारली. पुढे २०२४-२५ मध्ये दोघींनी त्याच बोटीतून ती पुन्हा मारली. पण त्या दक्षिणेच्या महासागरातून गेल्या. आपली होडी जेट्टीपासून संगमापर्यंत जाते आणि परत येते. मी त्याला विचारलं, पर्यटक तुला वेग विचारतात की बाथरूम कुठे ते विचारतात? हसला, पण पटलं.

मोबाईल नसेल तरी वेग काढता येतो. नाळेकडून पाण्यात एक नारळाचं सोडण टाकायचं आणि ते होडीच्या मागच्या टोकाशी यायला किती सेकंद लागले ते मोजायचे. होडी सहा मीटर लांब आणि सेकंद चार, तर वेग सेकंदाला दीड मीटर, म्हणजे जवळजवळ तीन नॉट. पूर्वीच्या जहाजांवर साधारण असंच करत.

तेव्हा वेग वजा केला. राहिली खोली. इथे मात्र मी कंजूषपणा करा असं म्हणणार नाही, कारण यात माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. फक्त लाइफ जॅकेटं आधी. ती सगळ्यांना पुरेशी आणि धड असतील तरच पुढच्या यंत्राची भाषा.

स्वस्तात दोन वाटा आहेत. एक हातात धरायचं यंत्र, बॅटरीसारखं. टोक पाण्यात बुडवून बटण दाबायचं. भोक नको, वायर नको. पण एका हाताने सुकाणू, एका हाताने शिडाची दोरी, मग हे धरणार कोण? सोबत दुसरा माणूस असेल तरच ते बरं. दुसरी वाट म्हणजे मासे शोधायचं साधं यंत्र. त्याचा सेन्सर होडीच्या मागच्या फळीला बाहेरून लावता येतो. होडी एकसंध फायबरची असेल तर आतूनही तळाला चिकटवता येतो, आवाज फायबरमधून पार होतो. लाकडी होडीत, किंवा फायबरच्या दोन थरांमध्ये फोम किंवा प्लायवूड असेल तर हे चालत नाही. चिकटवण्याआधी खात्री करायला एक सोपी युक्ती आहे. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरायचं, त्यात सेन्सर ठेवायचा आणि पिशवी होडीच्या आत तळाला टेकवायची. होडी पाण्यात असताना आकडा आला तर जागा योग्य. दुकानदाराला आधीच सांगायचं, नाही चाललं तर परत आणणार. कोटेशनमध्ये बॅटरीची किंमत आहे की नाही तेही विचारायचं. या यंत्राला बारा व्होल्टची बॅटरी लागते, आणि ती बऱ्याचदा घरी आल्यावर आठवते.

आकडा कुठून मोजलेला, हेही एकदाच ठरवून घ्यावं लागतं. आमच्या होडीत सेन्सर पाण्याखाली ३० सेंटिमीटरवर आहे आणि होडीचं बूड ७५ वर. म्हणजे यंत्र म्हणतं एक मीटर, तेव्हा बुडाखाली खरं पाणी ५५ सेंटिमीटर. यंत्रात हा फरक भरता येतो. पण बापाने एक धरलं आणि मुलाने दुसरं, तर यंत्र असूनही होडी रुतणार. जावेने ते रंगाने सुकाणूजवळ लिहूनच टाकलंय.

आणि कितीही पैसे ओतले तरी साधं यंत्र फक्त खालचं सांगतं. समोर वाळूचा दांडा आहे हे त्याला दिसत नाही. ते तुम्ही त्यावर गेल्यावर कळतं.

मग समोरचं कोणाला दिसतं? जावेला. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूबाईंबरोबर ओहोटीला तिसऱ्या काढायला ती खाडीत उतरते. कुठे गुडघाभर पाणी राहतं, कुठे पाय रुततो, पावसाळ्यानंतर दांडा कुठे सरकला, हे तिच्या पायांना माहीत आहे. घरात बसून तिने दोनच प्रश्न विचारले, होडी कुठे रुतली आणि त्या दिवशी तिथ कुठली. पहिली खेप पौर्णिमेची, दुसरी अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीची. दोन्ही वेळा संध्याकाळ. आपल्याकडचा जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे पूर्ण ओहोटी संध्याकाळी पाच-सहाला, तीही उधाणाची, पाणी सगळ्यात खाली जाणारी. आणि पर्यटकांना सूर्यास्त दाखवायची वेळ नेमकी तीच! हे सांगायला यंत्र लागलं नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरलं. भाऊजींना भरती-ओहोटी कळत नाही असं नाही. पण गिऱ्हाईक म्हणतं त्या वेळेला होडी काढायची सवय लागली की कळलेलंही बाजूला पडतं.

शेवटी एप्रिलमध्ये साधं यंत्र घेतलं. बॅटरी आणि डब्यासकट साडेअकरा हजार. गटाने ठराव करून कर्ज दिलं, बाकीच्या बायांची जूनची सोय शाबूत राहिली. त्याशिवाय जावेने एक दोरी केली. जुन्या जाळ्याचे शिशाचे गोळे वितळवून अर्ध्या किलोचं वजन, गवंड्याचा ओळंबा असतो तसं. दोरी आधी भिजवून ताणून घेतली, नाहीतर ती नंतर लांबते आणि माप चुकतं. अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठ, प्रत्येक मीटरला रंगीत चिंधी. वजनाच्या तळाला खळगा, त्यात साबण भरायचा. तळाची वाळू की चिखल, ते साबणाला चिकटून वर येतं. खर्च नव्वद रुपये, दोरीचेच. बॅटरी उतरली तर ही दोरी आहेच.

भाऊजी अजून म्हणतात, “वैनी, मोठा यंत्र घेतला असता तर बरा झाला असता.” म्हणोत. त्यांचं असंही म्हणणं आहे की मोठ्या काचेने गिऱ्हाइकावर छाप पडते, आणि ते अगदीच खोटं आहे असं मला म्हणवत नाही. पण छाप पाडायची तर ती धंद्याच्या नफ्यातून पाडावी, गटाच्या पैशातून नको.

सध्या होडी वर ओढून ठेवली आहे. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये वाळूचा दांडा पुन्हा हललेला असणार. जावेने गटातल्या दोघींना आत्ताच सांगून ठेवलंय, भांगाचे दोन दिवस आणि उधाणाचे दोन दिवस, छोट्या होडीतून संगमापर्यंत जायचं. एकीने वल्हवायचं, एकीने दोरी सोडायची, एकीने वहीत लिहायचं. पुतण्या म्हणाला, मीही येतो. तिने त्याला वही धरायचं काम दिलंय.