मागे उभे राहून धरलेले ध्रुपद

आषाढ शुद्ध एकादशीच्या पहाटे आमच्या पंढरीत शासकीय महापूजा होते. राज्याचे मुख्यमंत्री सपत्नीक पूजेस बसतात आणि रात्रभर दर्शनबारीत तिष्ठलेल्या एखाद्या वारकरी दांपत्यास त्यांच्यासमवेत पूजेचा मान लाभतो. शेतात राबून हाताला घट्टे पडलेले ते पती-पत्नी देवापुढे उभे राहिले म्हणजे पाहणाऱ्याचे डोळे भरून येतात. या प्रथेविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि, गेली काही वर्षे तो प्रसंग पाहताना आमचे लक्ष त्या दांपत्याच्या मागे, बारीत एकट्या उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. त्याचे कारण आज सांगावेसे वाटते. ते सांगताना आमच्या एका चुकीची कबुलीही द्यावी लागणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एकादशीच्या रात्री आमचे कीर्तन आटोपले, आरती झाली, मंडळी बुक्का लावून पांगली. मंडपाच्या खांबाशी तिशीतला एक तरुण बसून राहिला होता. मांडीवर चारेक वर्षांची मुलगी झोपली होती. तिच्या दोन वेण्यांपैकी एक सुटली होती आणि दुसरी कशीबशी घातलेली होती. चौकशी केली तेव्हा कळले, की तो मराठवाड्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे आणि त्याची पत्नी फाल्गुनात अल्पशा आजाराने गेली. वारीला दोघांनी मिळून यावयाचे ठरले होते म्हणून तो मुलीला घेऊन आला होता.

आम्ही आमच्या सवयीप्रमाणे बोललो. जन्ममरणाचे चार दाखले दिले, आत्मा अविनाशी आहे हे सांगितले आणि शेवटी म्हणालो, ‘‘बाबा रे, तू तरुण आहेस. पुरुषाने असे खचून चालत नाही. मुलीला आई हवी. वर्षाच्या आत संसार पुन्हा मांड.’’

तो काही वेळ गप्प राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, ‘‘बुवा, मुलीला आई हवी, हे मला सगळेच सांगतात. मुलीची आई कशी होती, हे मात्र कोणी विचारत नाही.’’ आणि उठता उठता तो म्हणाला, ‘‘देवाची रुक्मिणी पाठच्या देवळात तरी आहे. माझी कुठे आहे, ते सांगा.’’

आम्हांस उत्तर सुचले नाही. तो नमस्कार करून निघून गेला.

त्या रात्री आम्हांस कालिदास आठवला. रघुवंशाच्या आठव्या सर्गात अज राजाचा विलाप आहे. संस्कृत शिकविताना तो सर्ग आम्ही कितीदा तरी शिकविला असेल, त्यातील अलंकारांची फोड केली असेल. पण त्यातील एक गोष्ट आमच्या अंगाला कधी लागली नव्हती. अजाची इंदुमती कशाने गेली? आकाशमार्गाने जाणाऱ्या नारदाच्या वीणेवरील दिव्य पुष्पांची माळ वाऱ्याने उडाली, ती उद्यानात तिच्या वक्षःस्थळी पडली आणि तेवढ्याने तिचा प्राण गेला. ज्या नारदाच्या गादीवर आम्ही कीर्तनकार उभे राहतो, त्याच्याच वीणेवरचे ते फूल! देणाऱ्याच्या मनात आघात करावयाचे नसते. पण ज्याच्यावर पडते त्याला फुलाचाही आघात होऊ शकतो. आमचे उपदेशाचे फूल त्या तरुणावर असेच पडले होते.

पुढची कथा याहून बोलकी आहे. कुलगुरू वसिष्ठ यज्ञाच्या दीक्षेत असल्यामुळे स्वतः येऊ शकत नाहीत. ते शिष्याकरवी अजास बोध पाठवितात. बोधात उणे काही नाही. राजा तो आदराने ऐकून घेतो आणि शिष्यास निरोप देतो. परंतु कवी म्हणतो, की शोकाने भरलेल्या त्या हृदयात बोधाला जागाच मिळाली नाही. तो जणू गुरूकडे परत गेला. कालिदासाने येथे वसिष्ठांचा अधिक्षेप केला नाही आणि अजाचाही केला नाही. भरलेल्या भांड्यात ओतता येत नाही, एवढेच त्याने दाखविले. त्या विलापात अज इंदुमतीचे एकेक नाते आठवतो. घर सांभाळणारी, मसलत देणारी, एकांतातली सखी, कला शिकणारी शिष्या. एका मृत्यूने आपली किती माणसे नेली, याची तो जणू मोजदाद करीत असतो. आम्ही त्या शिक्षकाला ती मोजदाद करू दिली नाही. त्याची एक जागा रिकामी झाली आहे आणि ती भरावयाची आहे, असा हिशेब आम्हीच मांडून मोकळे झालो.

हा हिशेब आपल्या समाजात जुना आहे. आहिताग्नी पुरुषाने निवर्तलेल्या पत्नीस अग्नी द्यावा, पुन्हा विवाह करावा आणि अग्नी पुन्हा सिद्ध करावेत, असे मनुस्मृती सांगते. तेथे चिंता आहे ती विझलेल्या अग्नीची. ज्याचे घर विझले त्याच्या मनाची नव्हे. याच परंपरेत दुसरा आवाजही आहे. पत्नी नसलेल्याने अग्निहोत्र करावे काय, हा प्रश्न ऐतरेय ब्राह्मणात उपस्थित झाला आहे. तेथील उत्तर, करावे, असेच आहे. आणि त्याची पत्नी कोण, तर श्रद्धा, असे ते ब्राह्मण सांगते. म्हणजे एकट्या माणसाचे घर हेही घरच आहे, तेथेही अग्नी तेवू शकतो, हे आपल्या पूर्वजांस ठाऊक होते. आपण मात्र त्यातले सोयीचे तेवढे उचलले.

विधवेला ज्या परंपरेने कुंकू पुसावयास लावले, मंगलकार्यातून उठविले आणि अंधाऱ्या खोलीत बसविले, तिने विधुराला दुसरी बोहल्याची वाट मोकळी ठेवली. मग त्याचे दुःख ते कसले, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. विधवाविवाहास कायद्याची मान्यता 1856 साली मिळाली. तरीही विधवांच्या अवमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला 2022 साली करावा लागला, यावरून त्या अन्यायाची मुळे किती खोल आहेत ते कळते. दोन्ही दुःखे एका तराजूत घालण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आमच्या मते ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. स्त्रीला सांगितले, तुझे जगणे संपले; पुरुषाला सांगितले, तुझे काहीच संपले नाही. दोघांसही त्यांच्या दुःखाचे खरे माप कोणी दिले नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासातील दोन उदाहरणे येथे आठवतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रथम पत्नी 1873 साली निवर्तल्या. रानडे सुधारक, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. तरीही वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी त्याच वर्षी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी विवाह केला. पुढे त्यांनी रमाबाईंना शिकविले आणि त्या स्वतः थोर कार्यकर्त्या झाल्या, हे खरे. परंतु त्या घाईत एका शोकग्रस्त पुरुषाचे मन, त्याची तत्त्वे आणि एका बालिकेचे बालपण या तिन्ही गोष्टी कोणी विचारात घेतल्या नाहीत. दुसरे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांचे. त्यांच्या पत्नी राधाबाई 1891 साली गेल्या. पदरी लहान मुलगा होता. विवाह करावयाचा तर विधवेशीच, असे त्यांनी ठरविले आणि 1893 साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी ते विवाहबद्ध झाले. गावाचा बहिष्कार त्यांनी सोसला. स्वतःच्या एकटेपणातून त्यांना दुसऱ्याचे एकटेपण दिसले. पुढच्या साऱ्या कार्याची वाट तेथून फुटली. पुनर्विवाह वाईट, असे आमचे म्हणणे नाही. तो कोणाच्या निर्णयाने, केव्हा आणि कोणाच्या मोबदल्यात होतो, एवढेच आम्ही विचारतो.

आता ज्यांचे नाव आजच्या दिवशी घेतल्यावाचून राहवत नाही, त्या तुकोबांकडे वळू. तुकोबांची प्रथम पत्नी दुष्काळात अन्नावाचून गेली. हे त्यांनी स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगितले आहे. आपण त्या अभंगांचे वैराग्याच्या अंगाने निरूपण करतो आणि पुढे जातो. ऐन तारुण्यातला एक पुरुष आपली बायको भुकेने गेली म्हणून लाजेने आणि दुःखाने होरपळला, ही साधी गोष्ट मात्र निसटते. घरात जिजाई होत्या, संसार म्हणावयास चालू होता. तरी गेलेल्या माणसाची जागा भरून आली नव्हती, हे त्या अभंगांतून कळते.

मग तुकोबांनी काय केले? त्यांनी सांगितलेला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रथम त्यांचे लक्ष मोडकळीस आलेल्या देवळाकडे गेले आणि ते नीट करावे असे मनात आले. त्यानंतर एकादशीस ते कीर्तन करू लागले. आरंभी त्यांचे चित्त अभ्यासात नव्हते, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. संतांची काही वचने त्यांनी पाठ केली. आणि पुढे जे गात असत, त्यांच्या मागे उभे राहून त्यांनी ध्रुपद धरले.

आम्ही उभ्या आयुष्यात अनेकांना सांत्वनाचे शब्द सांगितले. परंतु खचलेल्या माणसाला पुन्हा उभे कसे राहावे, याचा याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही. आधी जवळचे काही मोडलेले हाताने दुरुस्त करावे. मन लागत नसले तरी ठरलेल्या दिवशी ठरलेले काम करावे. स्वतःचे शब्द सुचत नसतील तर वडिलांचे शब्द घ्यावेत. आणि पुढे उभे राहण्याचे बळ नसेल तर मागे उभे राहून ध्रुपद धरावे. ध्रुपद धरणाऱ्याला पद रचावे लागत नाही, ताना घ्याव्या लागत नाहीत; पण तो गाण्याच्या बाहेरही नसतो. अजाच्या वाट्याला हा पाठ आला नाही. बाळ दशरथासाठी त्याने आठ वर्षे कंठली, पत्नीच्या प्रतिमांकडे पाहत, स्वप्नातल्या क्षणभर भेटींवर जगत. आणि पुत्र राज्य सांभाळण्याजोगा होताच गंगा-शरयूच्या संगमावर त्याने देह ठेवला. तो थांबून राहिला होता. तुकोबा शिकत गेले.

त्या तरुण शिक्षकाविषयी सांगावयाचे राहिले. पुढची दोन वर्षे तो दिसला नाही. तिसऱ्या आषाढीस एका दिंडीच्या शेवटच्या ओळीत गळ्यात टाळ अडकवून तो उभा होता. मुलगी शेजारी होती आणि तिच्या दोन्ही वेण्या घट्ट, सारख्या, लाल रिबिनीच्या होत्या. आमची नजर त्याने ओळखली. ‘‘शेजारच्या आजींनी शिकवल्या,’’ तो म्हणाला. भाकरीही त्यांनीच शिकविली. पहिली भाकरी तव्यावर टम्म फुगली त्या दिवशी आपण चुलीपुढे बसून पोटभर रडलो, वर्षभरात पहिल्यांदा, असेही त्याने सांगितले. त्या आजी शेजारी बसून राहिल्या; गप्प राहा असे म्हणाल्या नाहीत.

आम्ही या खेपेस उपदेश केला नाही. ‘‘मुलीची आई कशी होती रे?’’ एवढेच विचारले. तो अर्धा तास बोलत होता. मध्ये मध्ये मुलगी त्याची चूक दुरुस्त करीत होती. जी आई तिला नीट आठवतही नसेल, तिच्या गोष्टी तिला पाठ होत्या. त्याने पुढे विवाह केला की नाही, हे आम्ही विचारले नाही. तो त्याचा प्रश्न आहे.

आमचे वाचकांजवळ मागणे एवढेच आहे. आपल्या घरात, आळीत, कचेरीत असा कोणी तरुण असेल तर तेराव्या दिवशीच त्याच्यापुढे स्थळे मांडू नका. पहिले काही दिवस त्याच्या घरी डबा जाऊ द्या. पण पुढे कोणी तरी त्याला भाकरी शिकवावी. पुरुष आहेस, रडू नकोस, हे वाक्य आपल्या तोंडातून कायमचे जाऊ द्या. भाद्रपदात अविधवा नवमीस अहेवपणी गेलेल्या स्त्रीचे श्राद्ध होते. त्या एका तिथीपुरते तिचे नाव उच्चारून वर्षभर ते गिळावयास त्याला लावू नका. सत्यनारायणास किंवा घरच्या कार्यास तो एकटा आहे म्हणून त्याला बाजूस बसवू नका. आणि हाच न्याय त्याच्या शेजारच्या विधवा बहिणीसही लावा, किंबहुना तिला आधी लावा. आमच्या कीर्तनकार बंधूंसही विनंती आहे, की शोकाकुल माणूस पुढे आला तर आधी ऐकावे. वसिष्ठांचा बोध जेथून परत आला, तेथे आपला पोचेल असा भरवसा धरू नये.

आज रात्री पुन्हा आमचे कीर्तन आहे. मंडपात मागे, खांबाशी, कोणी एकटे बसलेले असेलच. त्यांस पुढे या, असे आम्ही म्हणणार नाही. तेथूनच ध्रुपद धरा, म्हणू. आणि तुमचा आवाज येईपर्यंत पद पुढे नेणार नाही.