शेवटचे पाऊल कायद्याचेच हवे

पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर एकेकाळी भाटाची किंमत त्यातील माडांच्या पिकावरून ठरत असे. आज ती समुद्रापासूनच्या अंतरावरून ठरते. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात पर्यटनाने जमिनीला जो भाव आणला, त्यात जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळावरून वाहतूक सुरू झाल्यापासून भरच पडली आहे. जमिनीला मोल आले याचे दुःख मानण्याचे कारण नाही. तथापि या भाववाढीने एक जुना प्रश्न नव्या आणि अधिक उग्र स्वरूपात पुढे आणला आहे. भाटाच्या कोपऱ्यात माडांची राखण करीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुंडकाराचे घर भाटकाराला पूर्वी सोयीचे वाटे; आज तेच घर त्याला अडचणीचे वाटू लागले आहे. मोकळ्या जमिनीला जो भाव येतो, तो घर उभे असलेल्या जमिनीला येत नाही. या दोन भावांमधील तफावत हीच आजच्या बेदखलीमागील खरी प्रेरणा होय.

बेदखलीचा वाद सुरू कसा होतो याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्याचा शेवट कसा होतो इकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः कायद्याच्या राज्याची खरी कसोटी याच अखेरच्या टप्प्यावर लागते. नोटिसा, दावे, तारखा हे सारे कागदावर चालते. ज्या दिवशी प्रत्यक्ष माणसाला उंबरठ्याबाहेर काढावयाचे असते, त्या दिवशी दाराशी कोण उभा आहे, सरकारी अधिकारी की मालकाची माणसे, यावर सारे अवलंबून असते.

कायद्याचे याबाबतचे म्हणणे संदिग्ध नाही. ताब्याचा हुकूमनामा मिळालेल्या मालकालाही स्वतः जाऊन कुलूप तोडण्याचा अधिकार नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील एकविसाव्या आदेशाचा पस्तिसावा नियम पाहावा. ताबा द्यावयाचा तो न्यायालयाच्या बेलिफाने. दार उघडण्यास नकार मिळाला तर त्याने आधी रीतसर सूचना द्यावयाची, घरातील पडदानशीन स्त्रियांना बाहेर पडण्यास अवसर द्यावयाचा आणि मगच कुलपाला हात लावावयाचा. कोणी अडथळा केला तर मालकाने पुन्हा न्यायालयाकडेच जावयाचे. अडथळा करणारा आपला स्वतंत्र हक्क सांगत असेल, तर त्याचा निर्णयही तेथेच व्हावयाचा. म्हणजे दावा जिंकलेल्या माणसालाही शेवटचे पाऊल स्वतःच्या पायाने टाकता येत नाही. ते त्याच्या वतीने राज्यसंस्था टाकते. मग ज्याने दावा जिंकलेला नाही, किंबहुना दाखलही केलेला नाही, त्याला तो अधिकार कोठून येणार? स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कृष्णराम महाले यांच्या खटल्यात १९८९ साली स्पष्ट शब्दांत सांगितले आहे.

असे असूनही व्यवहारात काय घडते? प्रथम वाट बंद होते. घराकडे जाणाऱ्या पायवाटेवर एके दिवशी चिऱ्यांचा गडगा उभा राहतो. मग विहिरीचे पाणी भरण्यास हरकत घेतली जाते. घराचे छप्पर दुरुस्त करावयाचे म्हटले की मालकाच्या ना हरकत दाखल्याचा प्रश्न येतो आणि तो दाखला काही मिळत नाही. कोकणातला पाऊस एकदा मातीच्या भिंतीत शिरला की पुढचे काम त्याच्याकडूनच होते; घर कोसळते आणि येथे कोणी राहतच नव्हते असे म्हणावयास मालक मोकळा होतो. काही ठिकाणी मुंडकाराच्या हाती थोडी रक्कम ठेवून मुद्रांकित कागदावर त्याची सही घेतली जाते. काही ठिकाणी आणखी सूक्ष्म युक्ती योजली जाते. घरभाडे देणारा किंवा पगारावर ठेवलेला राखणदार मुंडकार या व्याख्येत बसत नाही, हे मालकाच्या वकिलाला ठाऊक असते. म्हणून एखादी भाडेचिठ्ठी किंवा पगाराची पावती मुंडकाराच्या पुढे सरकवली जाते. आपण कशावर सही करीत आहोत हे त्याला उमजत नाही. उमजते तेव्हा ती पावती मामलेदाराच्या फायलीत लागलेली असते.

यापुढची पायरी म्हणजे विक्री. मूळ भाटकाराला गावात तोंड दाखवावयाचे असते. तुळशीच्या लग्नाला, देवळाच्या उत्सवाला समोरासमोर यावे लागते. म्हणून घर न मोडता तो जमीन विकतो आणि ते काम नव्या मालकावर सोपवितो. नव्या मालकाला गावाची भीड नसते. शापोरा नदीच्या पलीकडच्या तीरावरील बार्देश तालुक्यात, आसगाव येथे, जून २०२४ मध्ये काय घडले ते सर्व गोव्याने पाहिले. मालकीचा वाद असलेल्या एका राहत्या घरावर, भर पावसाळ्यात, खाजगी अंगरक्षक आणि यंत्र आणून घराचा भाग पाडण्यात आला. पोलिसांच्या भूमिकेवर गंभीर प्रश्नचिन्ह उभे राहिले आणि काहींवर निलंबनाची कारवाई झाली. त्या वादात मालकी कोणाची हे ठरविण्याचे काम न्यायालयाचे आहे, आमचे नाही. आमचा मुद्दा एवढाच आहे की मालकी निर्विवाद असती तरीही ते यंत्र तेथे येता कामा नये होते. आसगाव ते मोरजी हे अंतर फार नाही, आणि जमिनीचा भाव दोन्हीकडे माणसाला सारखाच मोह घालतो.

हे ज्या राज्यात घडले, त्या राज्यात कूळ आणि मुंडकार यांच्या रक्षणाचे कायदे नाहीत असे नाही. भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत १९६४ चा कूळकायदा आला. शशिकलाताई काकोडकरांच्या काळात, १९७६ साली, त्यात पाचवी दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानण्यात आले. मुंडकारांना बेदखलीपासून संरक्षण देणारा १९७५ चा कायदाही त्याच वर्षी अमलात आला. या कायद्याने मुंडकाराला केवळ राहण्याची हमी दिली असे नव्हे; राहते घर आणि त्याभोवतीची जमीन, पंचायत क्षेत्रात घराच्या जागेसह तीनशे चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचाही हक्क दिला. पोर्तुगीज अमदानीत भाटकाराच्या मर्जीवर ज्यांचे चूल-पोतेरे अवलंबून होते, त्यांच्या दृष्टीने ही क्रांतीच होती.

मग उणीव कोठे राहिली? आमच्या मते ती हक्क आणि नोंद यांच्यामधील अंतरात राहिली. कायदा होऊन पाच दशके लोटत आली, तरी अनेक मुंडकारांची नावे नोंदपुस्तकात नाहीत, आणि नोंद झालेल्यांपैकीही अनेकांनी खरेदीचे प्रमाणपत्र घेतलेले नाही. सर्वेक्षण झाले तेव्हा एक-चौदाच्या उताऱ्यावर घराची खूण पडली, पण नाव पडले भाटकाराचे. जमीन महसूल संहितेनुसार तो उतारा विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरा मानला जातो. सिद्ध करावयाचे तर मामलेदार, उपजिल्हाधिकारी, प्रशासकीय न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढाव्या लागतात. कूळकायद्याखालील दावे तर २०१४ मध्ये दिवाणी न्यायालयांकडे सोपविले गेले आणि २०१७ मध्ये पुन्हा मामलेदारांकडे आणले गेले. या येरझाऱ्यांत पक्षकाराची उमेद संपते. काही मुंडकारांनी भाटकाराशी असलेल्या जुन्या घरोब्यापोटी अर्ज केला नाही, हेही नमूद केले पाहिजे. मात्र घरोबा माणसांचा असतो, सातबारा काय की एक-चौदा काय, त्याला तो ठाऊक नसतो. भाटकार वारतो, त्याची मुले मुंबईस किंवा परदेशी स्थायिक होतात आणि शब्दावर चाललेले घर एका दिवसात अनधिकृत ठरते.

या संदर्भात आयर्लंडचा इतिहास उद्बोधक आहे. १८८० साली तेथील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याने कुळांना बेदखलीच्या नोटिसा काढल्या. तेव्हा गावाने त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. त्याच्याच नावावरून बहिष्काराला इंग्रजीत शब्द मिळाला. पुढेही पोलिसांच्या बंदोबस्तात घरे पाडण्याचे प्रकार चालूच राहिले. बेदखलीचा प्रश्न सुटण्याच्या मार्गाला लागला तो बहिष्काराने नव्हे, कडक बंदीनेही नव्हे. १९०३ च्या कायद्याने कुळांना जमिनी विकत घेण्यासाठी सरकारी पैसा उपलब्ध झाला तेव्हा. संरक्षित कूळ हे असुरक्षितच राहते; मालक झालेले कूळ सुरक्षित होते. गोव्याच्या कायद्याने हे तत्त्व १९७६ मध्येच स्वीकारले. ते अमलात पूर्णपणे आणले नाही एवढेच.

भाटकाराची आणि घरमालकाची बाजू आम्ही दुर्लक्षित करू इच्छित नाही. सगळेच मालक धनाढ्य नसतात. म्हापशात किंवा पणजीत दोन खोल्या भाड्याने देऊन त्यावर गुजराण करणारी वृद्ध विधवाही मालकीणच असते. तीन महिन्यांचे भाडे थकले आणि नोंदणीकृत नोटीस मिळूनही तीस दिवसांत ते चुकते केले नाही, तर भाडेनियंत्रकाकडे दाद मागण्याची तरतूद १९६८ च्या कायद्यात आहे. पण त्या दादीचा निकाल लागेपर्यंत मालकिणीचे आयुष्य सरते. शिवाय मोरजीचे चित्रही आता एकरंगी राहिलेले नाही. कालच्या मुंडकाराचा मुलगा आज स्वतःचे घर किंवा अंगण पर्यटन व्यावसायिकाला हंगामापुरते देतो आणि हंगाम संपल्यावर तो व्यावसायिक जागा सोडीत नाही, अशी तक्रार करतो. त्याचा संताप आम्ही समजू शकतो. परंतु रात्री कुलूप बदलणे, वीज तोडणे, सामान रस्त्यावर टाकणे हे उपाय त्यानेही योजू नयेत. ज्या कायद्याने त्याच्या बापाचे छप्पर राखले, तोच कायदा आज त्याच्या भाडेकरूचेही संरक्षण करतो. न्याय आपल्या बाजूचा असेल तेव्हाच मानावयाचा, ही वृत्ती भाटकारशाहीचीच दुसरी आवृत्ती होय.

म्हणून काही गोष्टी तातडीने झाल्या पाहिजेत. मामलेदाराने मुंडकारांना पेडण्यास खेपा घालावयास न लावता मोरजी, मांद्रे, हरमल येथील पंचायतींत ठरावीक दिवशी बसून नोंदीची प्रकरणे निकालात काढावीत. खरेदीची रक्कम ज्यांना एकदम भरता येत नाही, त्यांना सरकारने सुलभ कर्ज द्यावे. जमिनीच्या विक्रीपत्रात तीत मुंडकाराचे घर आहे की नाही हे शपथेवर लिहिणे सक्तीचे करावे, म्हणजे नव्या मालकाला अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. घर पाडले जात असल्याची तक्रार येताच पोलिसांनी एकच प्रश्न विचारावा: हुकूम कोणाचा आणि अधिकारी कोठे? दोन्ही दाखविता आले नाहीत तर यंत्र तेथेच थांबवावे. मालकी कोणाची या वादात शिरण्याचे त्यांना कारण नाही. कायदेशीर ताबादेखील पावसाच्या चार महिन्यांत घेऊ नये, असा नियम करणे अशक्य नाही. आणि याच्या जोडीला मालकांचे खरे दावे ठरावीक मुदतीत निकाली निघाले पाहिजेत; कारण कायद्याचा दरवाजा वर्षानुवर्षे बंद राहिला की माणसे भिंत फोडण्याचा विचार करू लागतात.

ज्यांना बळजबरीने घराबाहेर काढण्यात आले असेल, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार, मालकी कोणाची या प्रश्नात न शिरता, गेलेला ताबा परत मागता येतो. मात्र दावा सहा महिन्यांच्या आत दाखल झाला पाहिजे. रडण्यात आणि पुढाऱ्यांच्या दारी खेटे घालण्यात हे सहा महिने निघून जातात, असा अनुभव आहे.

गोवा मुक्त झाला तो केवळ परकीय ध्वज उतरला म्हणून नव्हे. कोणाच्याही मर्जीवर कोणाचे घर उभे राहू नये, हा त्या मुक्तीचा एक अर्थ होता. माणसाला घराबाहेर काढण्याची वेळ कधी येऊच नये असे आम्ही म्हणत नाही. ती आली तर ती न्यायाधीशाच्या सहीने यावी, सरकारी अधिकाऱ्याच्या हाताने यावी आणि दिवसाउजेडी यावी. हे ज्या राज्याला सांभाळता येत नाही, त्या राज्यात भाटकारांची नावे तेवढी बदलतात. भाटकारशाही बदलत नाही.