वॉट किती, ते बोला!

माझा लॅपटॉप गेमिंगचा आहे. ऑफिसात मीटिंगला तो बाहेर काढला की कोणीतरी हमखास विचारतंच, "काय रे, मॅच लावतोयस का?" कीबोर्डखाली लाइट लागतात, झाकणावर उगाचच तिरक्या रेघा मारल्यात, आणि अडॅप्टर बघून एकाने "हा स्कूटरचा चार्जर का?" असंही विचारलं होतं. हसा लेको.

पण मंडळी, माझ्यासारख्या पगारदार सॉफ्टवेअरवाल्याला सत्तर-पंचाहत्तर हजारांत एवढं काम करणारं दुसरं यंत्र मिळत नाही. दिवसभर आयडीई, तीन-चार डॉकर कंटेनर, ब्राउझरचे चाळीस टॅब, वर टीम्स. बाकीच्यांचे पातळ सुंदर लॅपटॉप बिल्ड लावल्यावर पहिली दोन मिनिटं छान पळतात आणि मग त्यांना धाप लागते. माझा आवाज करतो, पण दहाव्या मिनिटालाही त्याच वेगाने चालत असतो. आत दोन जाडजूड पंखे आणि तांब्याच्या नळ्या आहेत, हे त्याचं गुपित. शिवाय खालचं झाकण उघडलं की रॅमचे दोन स्लॉट, एसएसडीचे दोन. १६ जीबीचे ३२ करायला मला एक स्क्रू ड्रायव्हर आणि वीस मिनिटं लागली. बऱ्याचशा पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डकवलेली असते. जेवढी घेतली तेवढ्यावर जन्म काढा!

दोष आहेत, आणि भरपूर आहेत. अडॅप्टर धरून पाठीवर तीन किलोच्या आसपास वजन पडतं, पावसाळ्यात बाइकवर तर ते जास्तच जाणवतं. पंखे सुरू झाले की कॉलवरचा क्लायंट विचारतो, घरात मिक्सर चालू आहे का. एप्रिलमध्ये दुपारी मागच्या बाजूने जी गरम हवा येते त्यावर पापड भाजता येतील. बॅटरीचं म्हणाल तर साधा हिशोब आहे. माझी बॅटरी ५२ वॉट-तासांची. नुसतं टायपिंग करताना मशीन १२-१३ वॉट खातं, म्हणजे चार तास. पण ग्राफिक्स चिपने ११५ वॉट ओढायचे ठरवले तर तेवढ्यावर अर्धा तासही निघणार नाही. म्हणूनच प्लग काढला की चिपचा वेग निम्म्यावर येतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्याबद्दल माझी कोणाशी भांडायची इच्छा नाही.

भांडण दुसरंच आहे.

माझा मामेभाऊ कराडचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मामांनी त्याला ईएमआयवर लॅपटॉप घेऊन दिला. कार्डावर लिहिलेलं सगळं माझ्यासारखंच होतं. तोच आरटीएक्स ४०५०, तोच ६ जीबीचा व्हीरॅम, तीच १६ जीबी रॅम, प्रोसेसरही त्याच पिढीतला. कंपनी वेगळी (कुठली ते सांगत नाही, वाद नको). दिवाळीत दोघांनी शेजारी बसून एकच गेम एकाच सेटिंगवर लावला. माझ्याकडे सत्तरच्या आसपास फ्रेम, त्याच्याकडे पंचेचाळीस. "दादा, तुझा फास्ट का रे?"

आधी रॅम बघितली. त्याच्याकडे १६ जीबीची एकच पट्टी होती. एकाच पट्टीवर प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातला रस्ता निम्मा अरुंद राहतो. कंपन्या एक पट्टी घालून मोकळ्या होतात, कारण कार्डावर १६ म्हटलं की १६. माझ्यातली एक पट्टी काढून त्याच्यात घातली. थोडा सुधारला, पन्नासच्या वर गेला. तरी माझा पुढेच, आणि आता तर माझ्यात एकच पट्टी होती! मग एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल उघडलं. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर' नावाची एक ओळ असते. माझ्याकडे ९५ वॉट. त्याच्याकडे ५५.

म्हणजे चिप तीच, पण त्याच्या चिपला जवळजवळ निम्म्या ताटावर बसवलेलं.

"अरे पण दुकानदार म्हणाला दोन्हीत सेमच आहे," मामा म्हणाले. दुकानदार खोटं बोलला नाही. त्याच्या कार्डावर सेमच लिहिलेलं होतं. इथेच तर सगळी गोम आहे!

एनव्हिडियाच्या स्वतःच्या माहितीनुसार लॅपटॉपमधला आरटीएक्स ४०५० हा ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही असू शकतो. आकडे परत वाचा. तिपटीहून जास्त फरक, आणि नाव एकच. आधी निदान एक खूण होती. २०१७ साली एनव्हिडियाने पातळ मशीनसाठी कमी वॉटच्या चिपा काढल्या तेव्हा त्यांच्या नावापुढे मॅक्स-क्यू लावलं होतं. ज्याला कळायचं त्याला कळायचं. २०२१ च्या सुरुवातीला ३०-मालिका लॅपटॉपांत आली आणि नावातली ती खूण गेली. त्यावर बोंबाबोंब झाली, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने सांगितलं की लॅपटॉप कंपन्यांनी आपल्या ऑनलाइन पानांवर क्लॉक आणि वॉट द्यायला हवेत. छान! कागदावर प्रश्न सुटला. आता तो आकडा कंपनीच्या वेबसाइटवर चार वेळा खाली स्क्रोल केलं की एखाद्या तळटीपेत सापडतो. त्या दिवाळीत मी मुद्दाम पुण्यातली चार दुकानं फिरलो. चारपैकी एकाही कार्डावर वॉट नव्हते, आणि खोक्यावर तर नव्हतेच. कराडहून मामा तळटीप वाचायला जाणार होते का? आणि २०२५ मध्ये ५०-मालिका आली, चिपांची नावं बदलली, खोड तीच राहिली.

हे सांगितलं की आमच्या धंद्यातले लोकच कंपन्यांचं वकीलपत्र घेतात. सामान्य गिऱ्हाइकाला वॉट कळत नाहीत म्हणे. वॉट कळत नाहीत?! माझी आई बारावी शिकलेली आहे. मिक्सर घेताना ती पहिल्यांदा ५०० वॉटचा की ७५० चा हे विचारते, आणि इडलीचं पीठ वाटायला ५०० चा का पुरत नाही हे दुकानदारालाच समजावून सांगते. गिझर घेताना विचारते, इस्त्री घेताना विचारते. लॅमिंग्टन रोडवर जाऊन असेंबल्ड पीसी घ्यायचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना हेही आठवेल, की काउंटरवरचा पोरगा एसएमपीएस किती वॉटचा हे न विचारता सांगायचा. वॉट कळणारा देश आहे हा. फक्त लॅपटॉपच्या दुकानात शिरलं की आपण अडाणी ठरतो.

दुसरा बचाव जरा वजनदार आहे, म्हणून त्याला उत्तर देतो. वॉट हा एक ठरलेला आकडा नसतो, प्रोसेसर रिकामा असेल तर चिपला थोडे जास्त मिळतात, शिवाय शंभरच्या पुढे ४०५० ला वॉट वाढवून फारसा फायदाही होत नाही. सगळं बरोबर. पण कमाल मर्यादा तर ठरलेली असते ना? ती कंपनीनेच ठरवलेली आणि मशीनमध्ये लिहून ठेवलेली असते. कंट्रोल पॅनेल ती एका ओळीत दाखवतं. मग तीच ओळ खोक्यावर छापायला काय हरकत आहे? गाडीचं मायलेजही रस्त्यागणिक बदलतं, तरी आपण आकडा विचारतोच.

आपल्याकडे पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन छापावं लागतं. २०११ चे वैधमापनशास्त्राचे नियम आहेत त्यासाठी, आणि वजन कमी भरलं तर दंड होतो. छताच्या पंख्याला १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे. दीड-दोन हजारांचा पंखा! आणि पंचाहत्तर हजारांच्या मशीनचं मुख्य इंजिन किती ताकदीचं, हे घरी आणून, खोकं फोडून, परत करायची मुदत संपवून मग कळणार. हे मला मान्य नाही. ३५ वॉटचा विका, जरूर विका. हलका असतो, थंड राहतो, त्याचंही गिऱ्हाईक आहे. पण ३५ सांगून विका.

पडद्याचीही तीच कथा आहे, पण ती थोडक्यात. '४५ टक्के एनटीएससी' असं जिथे लिहिलेलं असतं तिथे एसआरजीबीच्या हिशोबात तो पडदा जेमतेम साठ-बासष्ट टक्के रंग दाखवतो. लाल टोमॅटो विटकरी दिसतो. एनटीएससी हे १९५३ सालचं अमेरिकन टीव्हीचं मानक. ते आज कार्डावर कशाला हवं? कारण खरा आकडा लिहिला तर कोणीतरी 'म्हणजे बाकीचे रंग कुठे गेले' असं विचारेल. अर्थात कोड लिहिणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, माझ्या टर्मिनलला काळा आणि हिरवा एवढे दोनच रंग लागतात. :-)

मामेभावाचं मशीन वाईट नाही, हेही सांगायला हवं. त्याचं मॅटलॅब चालतं, कॅड चालतं, ३२ जीबीपर्यंत रॅम वाढते, बॅटरी माझ्यापेक्षा तासभर जास्तच टिकते. मामांनी जेवढे पैसे दिले तेवढं सगळं मिळालं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. पण त्याच पैशांत त्याच दुकानात ९५ वॉटचा डबा शेजारी ठेवलेला होता, आणि दोघांमधला फरक सांगणारं एकही अक्षर तिथे नव्हतं. ईएमआय अजून आठ महिने चालू आहे.

तुम्ही घ्यायला निघाला असाल तर दुकानातला डेमो पीस चालू करायला लावा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, 'सिस्टिम इन्फर्मेशन'वर क्लिक करा आणि वॉटचा फोटो काढून घ्या. "सर, त्याने काही फरक पडत नाही" असं म्हणाले तर बिलावर तो आकडा लिहून मागा. मी मागितला होता. पहिल्या दुकानाने नकार दिला, दुसऱ्याने मॅनेजरला बोलावलं, तिसऱ्याने हसत हसत पेनाने लिहून शिक्का मारून दिला. लॅपटॉप मी तिसऱ्याकडूनच घेतला.