कातकऱ्याला ‘स्वभाव’ चिकटवणाऱ्यांना

वंशभेद म्हटला की आपल्याला अमेरिका आठवते, दक्षिण आफ्रिका आठवते. रायगडातल्या पेण-रोह्याच्या डोंगरउतारावरच्या कातकरी आदिवासींच्या वाड्या आठवत नाहीत. ‘आपल्याकडे जात आहे, वंशभेद नाही’ हा युक्तिवाद अर्धा खराही आहे. जातीची विभागणी म्हणजे वंशाची विभागणी नव्हे, हे बाबासाहेबांनीच १९३६ साली मांडले होते. २००१च्या डर्बनमधल्या जागतिक वंशभेदविरोधी परिषदेत भारत सरकारने तोच धागा धरून जातीचा विषय बाहेर ठेवायला जंग जंग पछाडले. पण वंशभेदाविरुद्धच्या १९६५च्या आंतरराष्ट्रीय करारात वंश आणि वर्ण यांच्या जोडीला ‘कुळ’ हाही आधार घालण्याची सूचना भारताचीच होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते. तोंड बघून माणसाची मजुरी आणि भरवसा ठरत असेल, तर त्या व्यवहाराला कोणते नाव द्यायचे यावर मी भांडणार नाही.

मी भांडणार आहे तो ‘स्वभाव’ या शब्दाशी. ‘कातकरी एका जागी टिकत नाही, त्याला उद्याची फिकीर नाही’ असे बाजारपेठेतला दुकानदार म्हणतो आणि कचेरीतला बाबूही म्हणतो. टिकणार कशावर? खैराच्या झाडापासून कात पाडणे हा त्याचा धंदा. १८७८च्या वन कायद्याने सरकारने जंगलावर पकड घट्ट केली आणि हळूहळू धंदाही गेला. कित्येक वाड्या आजही दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. पावसाळ्यात चुलीवर काही नसते तेव्हा भट्टीवाल्याची नाहीतर मुकादमाची उचल घ्यावी लागते आणि दिवाळी सरली की घराला काटी लावून अख्खे कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जाते. आठवड्याला खर्ची मिळते, तीही हिशेबात वळती होते. मोसमाच्या शेवटी वही उघडते, हजारी दराने विटा मोजल्या जातात आणि बहुधा ‘पैसे अंगावर’ निघतात. म्हणजे पुढच्या दिवाळीची सोय झाली! ज्याचा भरवसा नाही म्हणता, त्यालाच मोसमाआधी हजारो रुपये मोजता; ते काय धर्मादाय म्हणून?

१९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असले कर्ज रद्दच ठरवले आहे. ते वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भारही सावकारावर टाकला आहे. कायदा आहे, पण वही अजून भट्टीवाल्याच्याच हातात आहे.

‘ही माणसे गरीब गाय, संघटनावाल्यांनी फितवली,’ हा दुसरा आक्षेप. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, त्यात नाग्या महादू कातकरी पडला. याच, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली ही गोष्ट. तेव्हा कोणती संघटना वाडीवाडीवर जीप घेऊन फिरत होती? आणि बाहेरच्याने साथ दिली म्हणून लढा उसना होत नाही. महाडला १९२७ साली सुरबानाना टिपणीसांनी साथ दिली, म्हणून चवदार तळ्याचा सत्याग्रह टिपणीसांचा झाला का? पेणचा अंकुर ट्रस्ट असो की रोहा-माणगावकडचे सर्वहारा जन आंदोलन, मोर्चाला चालणारे पाय वाडीचेच असतात. एका मोर्चाची किंमत म्हणजे एका दिवसाची बुडालेली मजुरी. नुसत्या फितवण्याने ती कोणी मोजत नाही.

जमिनीच्या या लढ्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते कागदाचे काम, घोषणांहूनही. दळीच्या, म्हणजे जंगलातल्या डोंगरउतारावरच्या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरी काढली, पण हातात मालकीचा कागद नव्हता. वनहक्क कायदा २००६ साली झाला, त्याचे नियम २००८ साली आले. त्या नियमांत जुनी घरे, विहिरी, थडगी, देवाची जागा, एवढेच काय, म्हाताऱ्याने सांगितलेला आणि लिहून घेतलेला जबाबसुद्धा पुरावा ठरतो. ‘टिकत नाही’ म्हणणाऱ्यांना याहून रोकडे उत्तर कोणते? बापजाद्यांना जिथे पुरले ती जागा बोट दाखवून सांगणारा माणूस भटक्या कसा?

दावे फेटाळले जातात, मोजणीत गुंठे कापले जातात, हे खरे. पण ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर साठ दिवसांत प्रांताच्या समितीकडे आणि तिथेही जमले नाही तर जिल्हा समितीकडे दाद मागता येते. दावा फेटाळल्याचे कारण लेखी मागायला कातकरी बाई आता पेणच्या किंवा रोह्याच्या प्रांत कचेरीत उभी राहते. बाबूने ‘नंतर या’ म्हटले तर ती पोच मागते.