बोनेरला गाडी रिकामीच बरी

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेर बेटावर डायव्हिंगला बोट लागतेच असे नाही. किनाऱ्याच्या रस्त्यावर नाव लिहिलेला पिवळा दगड दिसला की पिकअप थांबवायची, सिलिंडर पाठीवर चढवायचा आणि चालत पाण्यात शिरायचे. 1979 पासून इथला समुद्र संरक्षित उद्यान आहे आणि प्रवाळ अगदी हाकेच्या अंतरावर.

पण डायव्हर तासभर पाण्याखाली असतो आणि गाडी निर्जन किनाऱ्यावर एकटी. चोराला याहून सोयीचे काय असणार? म्हणूनच तिथले जाणकार सांगतात, काचा खाली ठेवा, गाडीला कुलूप लावू नका. ऐकायला उफराटे वाटते, पण आत काहीच नाही हे दिसले की काच फोडायचे कारण उरत नाही. पासपोर्ट, फोन, पैसे खोलीतल्या तिजोरीत ठेवावेत. गाडीत फक्त जुनी चप्पल, टॉवेल, पाण्याची बाटली.

रिसॉर्ट निवडतानाही खिडकीतून समुद्र किती दिसतो हे नंतर पाहावे. आधी विचारावे, धक्क्यावरून थेट प्रवाळापाशी उतरता येते का आणि ओले साहित्य ठेवायला कुलपाची खोली आहे का. आतल्या बाजूचे घर स्वस्त पडते खरे, पण मग प्रत्येक डुबकीची भिस्त गाडीवर. पहिल्यांदा जाणाऱ्याने चार पैसे जास्त मोजून क्रालेन्डाइक या बेटाच्या मुख्य गावाजवळ, पाण्याला लागून राहावे.

चोरीच्या धास्तीने बेटावर जाणेच रद्द करणे मात्र चुकीचे. 1984 साली बुडालेले ‘हिल्मा हूकर’ हे मालवाहू जहाज तिथे सुमारे 30 मीटरवर आडवे पडले आहे. किनाऱ्यावरून पोहत त्याच्यापर्यंत जाता येते.