पडदा आला, गुरुजी कोठे आहेत?

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी दापोली तालुक्यातील मुरूड गावातून काही विद्यार्थी साताऱ्यास जावयास निघाले. सहावी इयत्तेच्या सार्वजनिक परीक्षेचे केंद्र तेथे होते. भर पावसात, कुंभार्ली घाट चढून, पायी केलेला तो प्रवास. साताऱ्यास पोहोचल्यावर त्यांच्यातील एकास परीक्षेला बसू दिले नाही. कारण तो सतरा वर्षांचा दिसत नव्हता! तो विद्यार्थी म्हणजे पुढे महर्षी म्हणून ख्याती पावलेले धोंडो केशव कर्वे. रत्नागिरी जिल्ह्यातील शिक्षणाचा विचार करताना हा प्रसंग आठवतो, कारण येथे बुद्धीची वाण कधीच नव्हती. अडचण होती ती अंतराची. शिकविणारा घाटापलीकडे आणि शिकणारा खाडीच्या काठी, अशी ही जुनी व्यथा आहे. ऑनलाईन शिक्षणाचे मोल शहरापेक्षा कोकणात अधिक का आहे, याचे उत्तर या अंतरातच सापडते.

कोकणचे गाव हे देशावरच्या गावासारखे एका ठिकाणी वसलेले नसते. एका गावाच्या दहा-बारा वाड्या, मध्ये पऱ्या, वहाळ, डोंगराची सोंड. पावसाळ्यात पहिली-दुसरीच्या मुलाने वाडी ओलांडून जाणे धोक्याचे, म्हणून वाडीवाडीवर प्राथमिक शाळा झाल्या. घरातील कर्ती माणसे मुंबईस गेली, मागोमाग कुटुंबेही गेली आणि या शाळांचा पट रोडावत गेला. आज पंधरा-वीस मुले, एक किंवा दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता एकाच खोलीत, हे दृश्य संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांत नवलाचे राहिलेले नाही. एका शिक्षकाने मराठी, गणित, इंग्रजी, विज्ञान, चित्रकला सारेच शिकवावयाचे. शिवाय पोषण आहाराचा हिशेब, नाना प्रकारची माहितीपत्रके आणि निवडणुकीची कामे आहेतच. अशा शाळेत भिंतीवर एक पडदा आला, तर दुसरीच्या मुलांना गोष्ट ऐकू-पाहू देऊन गुरुजी चौथीच्या मुलांचा भागाकार घेऊ शकतात. शहरातील शाळेस पडदा म्हणजे मिरविण्याची वस्तू. वाडीतील एकशिक्षकी शाळेस तो दुसरा हात आहे.

हा लाभ काल्पनिक नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड छापून मुलांसमोर ध्वनी-चित्रांचा खजिना उघडला. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. आज बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर असे कोड असतात आणि केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील मराठी साहित्य शिक्षकास विनामूल्य मिळते. मात्र ही वाट दाखविली ती एका शिक्षकाने. त्याच्या वर्गातील मुलांना काय कळत नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून कोणते चित्र कोठे लावावे, हेही त्याला उमगले. गौरवाच्या बातम्यांत नेमका हाच मुद्दा हरवला.

कोरोनाच्या काळाची कटू आठवण येथे टाळता येणार नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि मंडणगड, दापोलीत घरांची छपरे, माड-पोफळीच्या बागा व विजेचे खांब एकदमच आडवे झाले. कित्येक दिवस वीज नव्हती. त्याच काळात ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. घोषणेमागील हेतूविषयी शंका नाही. पण ज्या घरात दिवा लागत नव्हता, तेथे भ्रमणध्वनीवरचा वर्ग भरणार कसा? पुढेही रेंजसाठी मुले सड्यावर जाऊन बसली. शेजारच्या सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीने डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केल्याचे वृत्त देशभर गाजले. तिच्या जिद्दीचे कौतुक रास्तच होते. पण एखाद्या मुलीला शिकण्यासाठी डोंगरावर झोपडी बांधावी लागते, याची लाज कोणाला वाटल्याचे दिसले नाही.

त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हेच प्रमाण ३६ टक्क्यांच्या आसपास होते. प्रगती झपाट्याची खरी. पण घरी फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे. फोन वडिलांचा, वडील दिवसभर कामावर, आणि घरात शिकणारी भावंडे तीन! परिणाम व्हावयाचा तोच झाला. तिसरीतील ज्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ टक्क्यांवर घसरले. ते पुन्हा २७ टक्क्यांपर्यंत आले २०२४ मध्ये, म्हणजे शाळा नियमित भरू लागल्यानंतर.

त्या काळात खरोखर उपयोगी ठरले ते दूरदर्शन. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका सुरू झाली. तिला ना रेंज लागे, ना डेटा. येथे एक वेदना सांगितलीच पाहिजे. शैक्षणिक चित्रफिती निर्माण करण्यासाठी महाराष्ट्राकडे १९८४ पासून ‘बालचित्रवाणी’ ही पुण्याची संस्था होती. तिला घरघर लागली, कर्मचाऱ्यांचे वेतन रखडले आणि २०१७ मध्ये ती बंद करण्यात आली. तीनच वर्षांनी तिची गरज पडली! घरचे तुळशीवृंदावन पाडून मग तुळस विकत आणण्यातलाच हा प्रकार.

माध्यमिक व त्यापुढील वर्गांचा विचार मात्र निराळा करावा लागेल. कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून दहावी-बारावीच्या निकालात सातत्याने राज्यात अव्वल आहे. २०२५ मध्ये दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला. तरीही प्रशासकीय सेवांच्या परीक्षांत येथील मुले मागे का, हा प्रश्न प्रत्येक गुणगौरव समारंभात विचारला जातो. एक कारण उघड आहे. पुण्यात राहून शिकवणी लावण्याचा खर्च लांज्याच्या शेतकऱ्यास झेपत नाही, आणि मुलीस एकटीने पाठविण्यास घरचे धजत नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना स्वतः अभ्यास करण्याची सवय झालेली असते. त्यांना घरबसल्या उत्तम व्याख्याने मिळणे, न कळलेला भाग पुन्हा ऐकता येणे, ही फार मोठी सोय आहे. कर्व्यांच्या काळचा घाट येथे खरोखर सपाट झाला आहे.

परंतु सहा वर्षांच्या मुलाचे तसे नाही. त्याला अक्षर गिरविताना हात धरणारे कोणी लागते. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये काढलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेतही पहिली ते आठवीसाठी दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे सुचविली होती. शाळा म्हणजे केवळ पाठ नव्हे. याच रत्नागिरीत स्थानबद्धतेच्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सर्व जातींची मुले शाळेत सरमिसळ बसावीत यासाठी चळवळ केली. आपापल्या घरी आपापल्या पडद्यापुढे बसलेल्या मुलांना शेजारी कोण बसले आहे, याचा संस्कार व्हावयाचा कसा?

म्हणूनच एका गोष्टीची चिंता वाटते. २०२३ मध्ये आंतरजिल्हा बदल्यांमुळे मोठ्या संख्येने शिक्षक रत्नागिरी जिल्ह्यातून कार्यमुक्त झाले आणि अनेक शाळांत शिकविण्यास कोणी उरले नाही. त्याच वर्षी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे सूतोवाच झाले. वाडीतील शाळा उठली तर लहान मुलाने वहाळ ओलांडून जावयाचे, किंवा कुटुंबाने मुंबईची वाट धरावयाची. अशा वेळी ‘शिक्षक नसला तरी चालेल, पडदा आहे ना!’ असे म्हणण्याचा मोह व्यवस्थेस होणार. तो खर्चाच्या दृष्टीने सोयीचा आहे, म्हणूनच धोक्याचा. पडदा पाठ दाखवू शकतो. मुलाचे डोळे पाणावले की भूक लागली आहे की पाठ कळलेला नाही, हे त्याला ओळखता येत नाही.

ग्रामस्थ मंडळांनीही याबाबत डोळस व्हावे. गावच्या मुंबईकर मंडळाने शाळेस मोठा दूरदर्शन संच भेट द्यावा, नारळ फुटावा, छायाचित्र छापून यावे, आणि पहिल्याच वळवाच्या विजेत संच जळून तो कपाटात जावा, असे अनेक ठिकाणी झाले आहे. संचाबरोबर इन्व्हर्टर, विजेपासून संरक्षणाची सोय आणि उतरवून ठेवलेल्या पाठांची साठवण दिली, तर रेंज नसतानाही तो चालेल. शाळेचे वीजबिल कोण भरणार, हेही त्याच बैठकीत ठरवावे. अन्यथा शिक्षक ते स्वतःच्या खिशातून भरत राहतात. सायंकाळी देवळाच्या सभामंडपात तोच संच लावून आठवी-दहावीच्या मुलांची अभ्यासिका चालविता येईल. त्यासाठी गावातील एखादा निवृत्त शिक्षक किंवा पदवीधर तरुणी रोज दीड तास देऊ शकते. आणि जून उजाडण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने जिल्हा परिषदेकडे लेखी विचारणा करावी : आमच्या शाळेत या वर्षी शिक्षक किती, आणि ते केव्हा हजर होणार?